कायदा कुठे अडतो?

‘कायदासुधारणा आणि सामाजिक परिवर्तन’ हा विद्यार्थ्यांच्या निबंधस्पर्धांचा आवडता विषय. त्यावरचे निबंध बहुधा एकाच वाटेने जातात: सतीबंदी, विधवाविवाह, हिंदू कोड बिल, मग कायदा आधी की समाज आधी हा जुना वाद, आणि शेवटी कायद्याला जनजागृतीची जोड हवी हा तोडगा. यात खोटे काही नाही. पण असा निबंध लिहिताना काही शोधावे लागत नाही. स्पर्धेने उपाय मागूच नयेत, असे माझे मत आहे. एक कलम द्यावे आणि ते माणसापर्यंत पोचताना नेमके कुठे अडते, हे पुराव्यानिशी दाखवायला सांगावे.

विद्यार्थ्यांकडून एवढी अपेक्षा रास्त आहे का? मुंबईचा इतिहास हो म्हणतो. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या सभेत निबंध वाचले जात. १८४९ मध्ये स्त्रीशिक्षणावरच्या अशाच एका निबंधानंतर सभेच्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला विनावेतन शिकवले. पुढचा दाखला मुंबईबाहेरचा, पण अधिक मोलाचा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या परिसंवादात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला. त्यात कायद्याचा मसुदा नव्हता. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावल्याने, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही जातीबाहेरच्या लग्नावरची बंदी सांभाळण्याची साधने, ही यंत्रणा त्यांनी उलगडून दाखवली. वीस वर्षांनी, मे १९३६ मध्ये, लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेले आणि तिथे होऊ न शकलेले भाषण त्यांनी इंग्रजीत छापले. जातीवरचा खरा इलाज आंतरजातीय विवाह, हे त्यात स्पष्ट आहे. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला दादरजवळ नायगावात भरलेल्या मुंबई इलाखा महार परिषदेत ते मराठीत बोलले. विषय धर्मांतराचा, ऐकणारे बहुतांश कष्टकरी. तरीही एकेक आक्षेप घेऊन त्याला उत्तर देण्याची शिस्त तिथेही सुटली नाही. ज्यांचे आयुष्य बदलायचे त्यांच्याच भाषेत युक्तिवाद मांडता आला पाहिजे, ही कसोटी आज कायद्याचे निबंध फक्त इंग्रजीत मागवणाऱ्या संस्थांनी स्वतःला लावावी.

आता जातीतल्या जातीत लग्ने लावण्याच्या त्याच यंत्रणेचा धागा १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात पाहा. जातधर्म न विचारता लग्न करण्याची मुभा देणारा हा कायदा. पण कलम ५ नुसार विवाह अधिकाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते. कलम ६ प्रमाणे ती कार्यालयात ठळक जागी लावली जाते, कुणालाही विनाशुल्क पाहता येते, आणि वधू किंवा वराचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर प्रत तिथल्या कार्यालयातही लागते. कलम ७ कुणालाही तीस दिवसांत हरकत घेऊ देते. म्हणजे घरच्यांच्या धाकाने मुंबईत आलेल्या मुलीच्या लग्नाची वर्दी कायदा स्वतःच तिच्या गावी पोचवतो. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना अशी आगाऊ नोटीस लागत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली. पण अधिनियमातले शब्द जागचे हलले नाहीत. निबंधाला याहून सकस विषय कोणता?

नोटिशीमुळे फसवणूक आणि दुबार विवाह रोखले जातात, हा आक्षेप गंभीर आहे. पण पहिला जोडीदार हयात नसणे, वय, नाते या अटी कागदपत्रे आणि प्रतिज्ञापत्रांवरून तपासता येतात. त्यासाठी सगळ्या गावाला महिनाभराची मुदत देण्याची गरज नाही. आणि फसवणुकीची भीती खरी असेल, तर हिंदू विवाहालाही तीच अट का नाही? दुसरा आक्षेप असा, की तपशिलात शिरलेला विद्यार्थी समतेचे मोठे तत्त्व विसरेल. मला उलट दिसते. त्या मुलीपुरते समतेचे तत्त्व त्या तीस दिवसांतच तरते किंवा बुडते. प्रशिक्षण नसलेल्या मुलांनी जोडप्यांच्या खाजगी आयुष्यात डोकावू नये, हे मात्र पूर्ण मान्य. त्याची गरजही नाही: अधिनियम, निकाल, संसदेतल्या चर्चा, वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली यांत काम भरपूर आहे, आणि नायगावातच मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. परीक्षकांनी गुण द्यावेत ते विद्यार्थ्याने किती मूळ कागद वाचले आणि विरोधी बाजू किती प्रामाणिकपणे मांडली यावर. आणि पहिला आलेला निबंध चषकासोबत कपाटात न ठेवता, विधी आयोगाकडे आणि मुंबईच्या खासदारांकडे पाठवावा.