*नोकरकपात : व्यवहार की अधर्म?*



बेळगाव, निपाणी, खानापूर... आपल्या भागातल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली पुण्या-बेंगळुरूला आयटीत आहेत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने २ टक्के, म्हणजे सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा अनेक आयांची झोप उडाली. "टाटांची कंपनी असून असं?" हेच जो तो विचारत होता.

नाव मोठं, म्हणून अपेक्षाही मोठी. टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ पासूनच आठ तासांचा दिवस होता. २०२० मध्ये कंपन्या माणसं काढू लागल्या तेव्हा, ही कुठली नीती, असं खुद्द रतन टाटांनी जाहीरपणे विचारलं होतं.

आपल्या बेळगावातच १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं. पुढे इथली जागा सोडावी लागली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर त्यांनी कारखान्यासोबत कामगारांचं गावच वसवलं. ते नाव आजही आदराने घेतात, ते काय नुसत्या नांगरामुळे?

मग कुणाला कधी काढूच नये का? तसं नाही. धंदाच बुडाला तर सगळेच बुडतात. माल नसला की काम नाही, हे निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. पण तीन गोष्टी बघाव्यात. आधी वरच्यांनी आपला खर्च, नफा कमी केला का? वेळेवर कल्पना दिली का? हिशेब पुरता चुकता केला का? पंधरा वर्षांची नोकरी एका ईमेलवर संपवली, तर मागे राहिलेल्यांचंही मन कामातून उठतं. गेलेलं नाव जाहिरातीने परत येत नाही.

तरीपण नाव जाईल म्हणून नीट वागणं हा झाला व्यवहार. कुणी बघत नसतानाही तसंच वागणं, हा धर्म.

आणि मालक काय फक्त कंपनीतच असतात? धुणीभांडी करणाऱ्या मावशींना "उद्यापासून येऊ नका" म्हणताना आपणही मालकच असतो.

*या आठवड्याचा संकल्प :* कुणाला कामावरून कमी करायची वेळ आलीच, तर महिनाभर आधी सांगूया आणि पगार पूर्ण देऊया. कुणाच्या मुलाची नोकरी गेली असेल, तर त्याची ग्रुपवर चर्चा नको. त्या घरी जाऊन बसूया, ओळखीत कुठे जागा असेल तर कळवूया. नोकरी गेली म्हणून माणसाची किंमत जात नाही, हे त्या लेकराला आपल्याकडून कळू दे.

।। जय गुरुदेव ।। 🌺