तळ्यात, मळ्यात

माणसानं वाचू नये ते वाचण्याची मला लहानपणापासून खोड आहे. म्हणजे तुम्ही समजता तसलं नव्हे. रहस्यकथा! त्यातही जिच्यात खुनाच्या जोडीला एक प्रेमप्रकरण चालू असतं, ती जात. अशा पुस्तकात प्रेत पहिल्या दहा पानांत सापडतं, खुनी शेवटच्या दहा पानांत सापडतो आणि मधली शंभर-सव्वाशे पानं नायक-नायिका एकमेकांना सापडतात, हरवतात, पुन्हा सापडतात, पुन्हा हरवतात. प्रेताबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. ते बिचारं एकदा मरतं आणि मेलेलं राहतं. त्याच्या स्वभावात एक सातत्य असतं. पण ही जोडी!

शाळेच्या पटांगणात आम्ही तळ्यात-मळ्यात खेळायचो. 'तळ्यात' म्हटलं की पुढे उडी, 'मळ्यात' म्हटलं की मागे. चुकेल तो बाद. कादंबरीत नेमकं उलटं. तिथे जो सारखा चुकतो, तोच नायक. सतराव्या पानावर त्यानं तिचा हात हातात घेतलेला असतो. एकविसाव्या पानावर तो तिला एका अनोळखी इसमाबरोबर मोटारीत बघतो आणि तोंड फिरवतो. चाळिसाव्या पानावर तो इसम तिचा सख्खा भाऊ निघतो, की लगेच समेट. मग आता हा मनातलं बोलणार, ओठ हलतात, एवढ्यात टेलिफोन वाजतो! मराठी रहस्यकथेतला टेलिफोन गरजेच्या वेळी कधी लागत नाही, पण नको त्या वेळी हटकून वाजतो.

आता मी पडलो भिवंडीचा. येण्या-जाण्याच्या वस्तूंचं भिवंडीकराला खरं म्हणजे अप्रूप नसावं. लाइट हा या विषयातला आमचा गुरू. २००७ साली इथलं वीजवाटप खाजगी कंपनीकडे गेलं, त्याच्या आधीचे दिवस ज्यांनी काढले त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. इतर गावांत लाइट गेलेली डोळ्यांना कळते, आमच्याकडे कानांना कळायची. अख्ख्या गावाची खटखट एका क्षणात थांबायची, धोटा जिथल्या तिथे अडकायचा आणि लांबून कुणाच्या तरी खोकण्याचा आवाज यायचा. ती आली की पुन्हा सगळे माग सुरू. पण लाइटीवर माझा राग नव्हता. जाताना तिनं कधी असं म्हटलं नाही, की 'मला तुमच्याबद्दल काय वाटतं, ते माझं मलाच कळत नाही.'

माझं म्हणणं साधं आहे. खुनाचं रहस्य लांबवणं हा लेखकाचा हक्क आहे. पुरावा मिळेपर्यंत डिटेक्टिव्हनं थांबायचं, आपणही त्याच्याबरोबर थांबायचं. खुनी काही चौकात उभा राहून 'मीच तो' म्हणत नाही. पण या दोघांच्या प्रकरणात पुरावा कुठला हवा असतो? साक्षीदार समोर, आरोपी समोर, दोघेही बोलू शकतात आणि दोघांनाही बोलायचं असतं. एक प्रश्न विचारला तर बारा प्रकरणं वाचतील. तो न विचारता ही माणसं समुद्राकडे बघत बसतात.

बाबूराव अर्नाळकरांना या बाबतीत मानलं पाहिजे. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या गृहस्थांनी, पण झुंजारची बायको विजया, हे एकदा ठरलं ते ठरलं. दर पुस्तकात 'आता विजया माहेरी जाणार का' ही काळजी वाचकाला नाही. आणि गैरसमजच करायचा, तर तो देवलांच्या 'संशयकल्लोळ'सारखा करावा. एक तसबीर पडते काय, भलत्याच्या हाती लागते काय आणि जो तो ज्याच्या-त्याच्यावर संशय घेत सुटतो! अश्विनशेठ आणि रेवतीचं जमलेलं फिसकटतं, पण १९१६ सालापासून आजवर ते एकाच रात्रीपुरतं फिसकटत आलं आहे. पडदा पडायच्या आत मिटतं आणि प्रेक्षक घरी जाऊन झोपतो. आठवडाभर तळमळत नाही.

आठवड्यावरून आठवलं. आता कबुलीजबाबच द्यायचा, तर मीही हा गुन्हा केला आहे.

१९८२ साली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि गिरण्यांचं काम आमच्या मागांकडे वळलं. भिवंडीत रात्रपाळ्या वाढल्या, सूतवाल्यांच्या आणि सुट्या भागांवाल्यांच्या जाहिराती वाढल्या आणि त्या छापायला एका स्थानिक साप्ताहिकाला पानं वाढवावी लागली. नुसत्या जाहिराती कोण वाचणार? त्यांच्यामध्ये घालायला काहीतरी मजकूर हवा. मी तेव्हा एका कारखान्यात हिशेब लिहायचो आणि उरलेल्या वेळात लेखक होतो. माझी रहस्यमय प्रेमकथा क्रमशः सुरू झाली. बंद पडलेल्या कारखान्यात कापडाच्या ताग्यांखाली प्रेत, तपासाला कल्याणहून आलेला इन्स्पेक्टर आणि मयत शेठच्या ऑफिसात टाइपिस्ट असलेली मुलगी. बारा आठवड्यांत संपवायची असा माझा बेत होता. अकराव्या आठवड्याला संपादक म्हणाले, "अहो लेखक, संपवताय कुठे? लोक विचारायला लागलेत. आणखी आठ आठवडे ओढा."

"पण खुनी सापडला की हो!"

"खुनी राहू द्या. त्या दोघांचं बिघडवा ना."

बिघडवणं इतकं सोपं असतं, याची मला कल्पना नव्हती. तिच्या टेबलाच्या खणात एक पत्र ठेवलं, झालं. इन्स्पेक्टर रुसला. दोन आठवड्यांनी पत्र मैत्रिणीचं निघालं. समेट. मग त्याला कल्याण नाक्यावर एका बाईशी हसून बोलायला लावलं. आता टाइपिस्ट रुसली. ज्या माणसानं ताग्याच्या विणीवरून खुनी ओळखला, त्याला समोरची मुलगी का रडते आहे ते चार आठवडे कळेना. त्याच्या हुशारीची मला लाज वाटायला लागली. पण अंक खपत होता आणि दर अंकामागे मला पंधरा रुपये मिळत होते.

सतराव्या भागानंतर आत्या घरी आली. माझी धाकटी आत्या. माझ्यातल्या वाचकाला तिनंच जन्माला घातला होता, कारण लायब्ररीतून तिच्यासाठी पुस्तकं आणायचं काम लहानपणी माझ्याकडे होतं. तिची एक सवय मला अजिबात आवडायची नाही. पुस्तक हातात पडलं की ती आधी शेवटचं पान वाचायची. मी ओरडायचो, "आत्या, खुनी कळेल ना!" ती म्हणायची, "खुनी कोण का असेना, या दोघांचं जमतं का तेवढं बघते." जमत असेल तर पुस्तक वाचायची. नसेल तर दुसऱ्या दिवशी परत.

तर आत्यानं चहा घेतला, अंकाची घडी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "यांचं पुढे काय होणार, ते तुला माहीत आहे ना रे?"

"आहे की. लग्न."

"कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

"मग तिला कशाला रडवतोस?"

मी जाहिरातींचं सांगितलं, पानांचं सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आत्याचं हे 'बरं' मी आधी एकदा ऐकलं होतं.

आत्याला ठाण्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. मंडळी येऊन बघून गेली, मुलगी पसंत पडली. मग मुलाच्या बहिणीचं आधी व्हायचं होतं. मग त्याची बदली व्हायची होती. मग ती झाली, पण जागा मिळायची होती. वर्षातून दोन-तीनदा ते गृहस्थ यायचे, शिरा खायचे, आजोबांशी राजकारणावर बोलायचे आणि निघताना म्हणायचे, "आमच्याकडून नाही असं नाही." या वाक्यावर आमच्या घरानं सहा वर्षं काढली. दुसरं स्थळ कुणी आणलं की आजी म्हणायची, "अहो, तिकडचं अजून 'नाही' झालेलं नाही." ज्याला कुणी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही, असं ते लग्न आमच्या ओटीवर एखाद्या पाहुण्यासारखं मुक्काम ठोकून होतं.

१९६७ सालच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी आत्या त्यांना सोडायला एस.टी. स्टँडवर गेली. सोबत म्हणून बारा वर्षांचा मी. ठाण्याची गाडी लागली होती. आत्यानं विचारलं, "तुम्हाला हे लग्न करायचं आहे का? हो की नाही, एवढंच सांगा." गृहस्थांनी गाडीकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे, जणू मीच काही तरी सुचवीन. शेवटी म्हणाले, "तसं नाही, पण आईची तब्येत..."

"बरं," आत्या म्हणाली.

येताना तिनं मला गोटी सोडा पाजला आणि स्वतःही घेतला. आत्याला रस्त्यात उभं राहून काही पिताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. घरी रामायण झालं. सगळ्यांचं म्हणणं एकच, की विचारायचं कशाला? त्यांनी कुठे नाही म्हटलं होतं? पुढे आत्या शाळेत शिकवायला लागली आणि सुखात होती, असं आम्ही सगळे म्हणायचो. ती स्वतः कधी म्हणाल्याचं आठवत नाही.

त्या गृहस्थांची चूक नेमकी कुठली, यावर मी पुढे बराच विचार केला. माझ्या इन्स्पेक्टरला कायदा पाठ होता. एखाद्याला खोलीत डांबून ठेवलं, तर तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेत कलम ३४२ होतं, एक वर्षापर्यंत कैद. 'बघू' या शब्दात डांबलं तर कलम नाही. २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यातही नाही. आणि नसावंच म्हणा. नाही तर निम्मा महाराष्ट्र आत जाईल आणि त्यात लग्न जमवणारे सगळे मध्यस्थ धरून.

शिवाय मन ठरत नसणं हा काही गुन्हा नव्हे. डोरोथी सेयर्स नावाच्या इंग्रज बाईंची पुस्तकं मला मुंबईच्या फुटपाथवर मिळाली, त्यात हे फार चांगलं आहे. १९३० सालच्या कादंबरीत हॅरिएट व्हेन या लेखिकेवर विषप्रयोगाचा खटला चालू असतो. लॉर्ड पीटर विम्झी तिला फाशीपासून वाचवतो आणि तुरुंगातच मागणी घालतो. ती नाही म्हणते. मग तो विचारत राहतो आणि ती नाही म्हणत राहते, ते थेट १९३५ सालच्या कादंबरीपर्यंत! तिथे ऑक्सफर्डला तो तिला लॅटिनमधून विचारतो, तेव्हा कुठे ती हो म्हणते. पाच वर्षं! माझ्या हिशेबानं मी वैतागायला हवं होतं. पण नाही वैतागलो. कारण या बाईची अडचण खरी आहे. ज्यानं आपला जीव वाचवला त्याच्याशी लग्न केलं, तर ते प्रेम की उपकाराची फेड, हे तिला उमजत नाही, आणि उमजेपर्यंत हो म्हणायचं नाही एवढं तिला उमजलेलं असतं. पुन्हा ती दरवेळी स्वच्छ 'नाही' म्हणते. त्याला जायला दार मोकळं ठेवते. तो थांबतो तो आपल्या मर्जीनं.

आमच्या गृहस्थांनी दार मोकळं ठेवलं नव्हतं. त्यांचंही मन ठरत नसेल कदाचित, कुणी सांगावं? आईची तब्येतही खरीच बिघडलेली असेल. पण सहा वर्षांत एकदा तरी 'माझं ठरत नाही, तुम्ही दुसरं बघा' म्हणता आलं असतं. ते म्हटलं असतं तर शिरा बंद झाला असता. आणि मी? मी तर त्यांच्याहून वाईट. माझं दुसऱ्या आठवड्यातच ठरलं होतं. कागदावरची का होईना, एक मुलगी मी पंधरा रुपये आठवड्यानं रडवत ठेवली होती. तुम्ही म्हणाल, कागदावरच्या मुलीला काय कळतं? तिला नाही कळत. पण तो कागद ज्यांच्या घरी जातो, त्यांत एखादी आत्या असते.

अठराव्या भागात मी लग्न लावून टाकलं. संपादक रागावले. त्यांनी पुढचे दोन आठवडे त्या जागी पाककृती छापल्या आणि अंक तेवढाच खपला, हा भाग वेगळा. तो शेवटचा भाग लिहिताना मला घाई होती आणि समेटासाठी नवा प्रसंग सुचेना. तेव्हा मी टाइपिस्टला एस.टी. स्टँडवर नेलं. संध्याकाळची सव्वासहाची ठाण्याची गाडी लागलेली आहे, इन्स्पेक्टर चढणार, एवढ्यात ती सरळ विचारते, हो की नाही. आणि हा पठ्ठ्या 'हो' म्हणून खाली उतरतो. लिहून झाल्यावर मी तो भाग खिशात घालून दोन दिवस हिंडलो. विचारावं का आत्याला? नाही विचारलं. तळ्यात-मळ्यात करत शेवटी तसाच छापायला दिला.

पुढच्या रविवारी आत्याकडे गेलो, तर अंक कपाटावर होता. तिनं विषय काढला नाही, मीही काढला नाही. निघताना तिनं तो माझ्या हातात दिला. कोपऱ्यावर येऊन मी उघडून बघितला. शाळेच्या वह्या तपासायच्या लाल पेन्सिलीनं तिनं एकाच ठिकाणी खूण केली होती. 'सव्वासहा' खोडून वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सहा चाळीस.'