कड किती ठेवायची?

स्तनाचा कर्करोग म्हणजे पूर्ण स्तन आणि छातीचे स्नायूही काढायचे, ही पद्धत अमेरिकन सर्जन हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. त्यामागे क्रूरपणा नव्हता. जास्त कापलं की बाई जास्त सुरक्षित, इतका साधा हिशेब होता. बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीने तो मोडला. २००२मध्ये वीस वर्षांचे निकाल आले, तेव्हा फक्त गाठ काढलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही. मात्र गाठ काढल्यावर किरणोपचार न घेतलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना त्याच स्तनात पुन्हा गाठ झाली. घेतलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं.

गाठ काढायची तर भोवतीचा निरोगी भाग किती घ्यायचा? काढलेल्या तुकड्याची दिशा कळावी म्हणून त्याला टाके घालतात, बाहेरून शाई लावतात, मग पॅथॉलॉजिस्ट काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. शाई कर्करोगाच्या पेशीला लागलेली नसली की कड स्वच्छ. पसरणाऱ्या कर्करोगासाठी, पुढे किरणोपचार होणार असतील तर, एवढं पुरेसं आहे, असं अमेरिकेतल्या दोन वैद्यकीय संघटनांनी २०१४मध्ये ठरवलं. कड आणखी रुंद ठेवून गाठ परतण्याचं प्रमाण ठळकपणे घटत नव्हतं.

आम्हाला इंजिनिअरिंगला फॅक्टर ऑफ सेफ्टी शिकवतात. पूल लागतो त्याहून मजबूत बांधा. पण पुलाचं जादा सिमेंट ठेकेदार आणतो. इथला जादा माल त्या बाईच्याच अंगातून निघतो.

तरी आमच्या वाशिम जिल्ह्यात हा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. रिसोड तालुक्यातली एखादी शेतकरी बाई धरा. अहवाल यायला काही दिवस लागतात. कड स्वच्छ नसेल तर पुन्हा शस्त्रक्रिया, मग किरणोपचारांसाठी अकोल्याला किंवा नागपूरला मुक्काम. सोयाबीन काढणीच्या दिवसांत सोबत कोण जाणार? अशा वेळी सर्जनला वाटतं, एकदाच काय ते मोठं कापून टाकू, बिचारीची खेप वाचेल. ही दया आहे, हे मी नाकारत नाही. पण मग मुंबईतल्या बाईचा स्तन वाचतो आणि रिसोडच्या बाईचा जातो, तो आजारामुळे नव्हे, एसटीच्या अंतरामुळे. हे मला पटत नाही.

कड टेबलावरच तपासता येते. तुकडा गोठवून, पातळ काप काढून, भूल उतरण्याआधी उत्तर मिळतं. स्तनातली चरबी नीट गोठत नाही, म्हणून हे काम कसबी माणसाचं, आणि तसा पॅथॉलॉजिस्ट त्या वेळी हजर हवा. दुसरा उपाय म्हणजे गाठ काढल्यावर पोकळीच्या भिंतीची पातळ साल काढणं. २०१५मध्ये येल विद्यापीठाच्या चाचणीत, साल काढलेल्यांपैकी १० टक्क्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली, न काढलेल्यांपैकी २१ टक्क्यांना. जादा कापणं यातही आहेच, पण मोजकं.

यातलं काहीच जमणार नसेल, तर मोठं कापण्याआधी तिला विचारायला हवं. नवऱ्याला नाही, तिला. 'बाई, पुन्हा यावं लागलं तर याल का?' ती म्हणेल, येईन. किंवा म्हणेल, एकदाच काढून टाका. दोन्ही उत्तरं ऐकून घ्यायला पाच मिनिटं लागतात.