सही आणि संमती

पुणतांब्याचे नाव निघाले की गोदाकाठची चांगदेवांची समाधी आठवते. अलीकडच्या वाचकाला १ जून २०१७ चा शेतकरी संपही आठवेल, कारण त्या संपाचा ठराव प्रथम याच गावच्या ग्रामसभेत झाला. परंतु या पट्ट्यातील शेतकऱ्याच्या दुःखाची मुळे त्याहून फार जुनी आहेत. 'खंडकरी' या एका शब्दात ती साठलेली आहेत. एरवी खंडाने जमीन कसणाऱ्यास हा शब्द लावला जातो. आपल्याकडे मात्र ज्याने आपली जमीन खंडाने दिली आणि जो तिच्या वाटेकडे डोळे लावून बसला, तो खंडकरी! शब्दाचा अर्थ असा उलटावा, यातच सारी कथा आली.

विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी आणि प्रवरेचे कालवे आले. पाणी आले, पण उसाला लागणारे भांडवल शेतकऱ्यापाशी नव्हते. ते कंपन्यांपाशी होते. हरेगावची बेलापूर कंपनी, साकरवाडीची गोदावरी शुगर मिल्स, टिळकनगरचा कारखाना आणि पुणतांब्याची चांगदेव शुगर मिल्स अशा कारखान्यांच्या उसासाठी दीर्घ मुदतीच्या करारांनी हजारो एकर जमीन त्यांच्या हाती गेली. पुढे १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला आणि कारखान्यांकडील जमिनी शासनाकडे गेल्या. उसाचे सलग मळे तुटू नयेत म्हणून १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. कायद्याचा हेतू भूमिहीनाला न्याय देण्याचा होता, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्याची जमीन केवळ खंडाने गेली होती, तो या फेरफारात बाजूलाच राहिला. मोर्चे, निवेदने, कोर्टकचेऱ्या यांत एक पिढी म्हातारी झाली आणि दुसरी प्रौढ. प्रत्यक्ष वाटप सुरू झाले ते २०१२ साली. तेव्हाही मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग-२ ची होती. म्हणजे बापजाद्यांची जमीन परत आली ती अटी घालूनच.

येथे आम्हांला पडतो तो प्रश्न कायद्याचा नव्हे, नीतीचा आहे. कागदावर सही झाली, अंगठा उठला, म्हणजे संमती झाली काय?

कोणी म्हणेल, करार तो करार. दिलेला शब्द पाळला नाही तर व्यवहार चालणार कसा? हे खरे आहे, आणि शब्द पाळावा असेच आम्हीही म्हणतो. परंतु शब्द देणाऱ्याला आपण काय देत आहोत हे कळले पाहिजे. नाही म्हणण्याची त्याची ऐपत पाहिजे. आणि दिलेले परत केव्हा व कसे मिळणार, हे ठरलेले पाहिजे. या तिन्हींतील एक जरी नसेल तर सही उरते, संमती उरत नाही. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात मजुरीविषयी हेच सांगितले होते. गरजेने पिचलेल्या माणसाने अपुरी मजुरी कबूल केली, एवढ्याने ती न्याय्य ठरत नाही. जे मजुरीला लागू, ते खंडाला का लागू नसावे?

मात्र जमीनमालकाचे हित राखणे म्हणजे सारा न्याय, असेही समजू नये. त्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कामगारांच्या नावे सातबारा कधीच नव्हता. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेस जाणाऱ्या आपल्यांपैकी कित्येकांना त्यांच्या चाळी ठाऊक आहेत. जमीन मूळ मालकाला मिळाली, तेव्हा या माणसाच्या डोक्यावरचे छप्पर कोणाचे, हा प्रश्न उरलाच. करारात ज्याचे नावच नव्हते, त्याचे हित कोणी पाहावे? खंडकऱ्याने आपला न्याय मागताना याचा विसर पडू दिला, तर त्याच्यावर झालेल्या अन्यायापासून तो काहीच शिकला नाही असे म्हणावे लागेल.

आज पुन्हा जमिनी भाड्याने मागितल्या जात आहेत, आता सौर ऊर्जेसाठी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठेवण्यात आली. वाढीचे कलम कागदावर आले, ही मोठीच सुधारणा. तरीही सही करणाऱ्याने आधी कागद घरी न्यावा, जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. भाडे थकले तर काय, कंपनीने करार दुसऱ्याच्या हाती दिला तर काय, मुदत संपल्यावर लोखंड आणि काँक्रीट कोण उचलणार, हे विचारावे. कायदाच बदलला तर जमीन कोणाची, हेही विचारावे. आमच्या आजोबांना हा शेवटचा प्रश्न सुचला नव्हता. एकट्याने विचारण्यापेक्षा चार शेजाऱ्यांनी मिळून विचारावे, कारण एकट्याचा प्रश्न टाळता येतो, गावाचा टाळता येत नाही.

आणि जो कागद पुढे करतो त्याने स्वतःला एकच विचारावे : समोरच्या जागी मी असतो, तर मी सही केली असती काय? या प्रश्नाचे उत्तर मनाशी प्रामाणिकपणे देणारा माणूस कंपनीच्या टेबलामागे बसला असता, तर आपल्या भाषेत 'खंडकरी' या शब्दाचा अर्थ उलटण्याची वेळ आली नसती.