मोबदला कशाचा?



आपला भाऊ वाडवडिलांच्या मालमत्तेची वाटणी करून देत नाही, अशी तक्रार घेऊन एक माणूस प्रभू येशूकडे येतो (लूक 12:13-21). प्रभू वाटणी करून देत नाही. धनवान शेतकऱ्याचा दाखला सांगतो. समृद्धी महामार्गाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना ही तक्रार नवी वाटणार नाही. या रस्त्यासाठी सरळ खरेदीने, पाचपटीपर्यंत मोबदला देऊन जमिनी घेतल्या गेल्या. पैसा आला, कुणाचे घर पक्के झाले, कुणाच्या मुलीचे शिक्षण झाले, आणि कुठे सख्ख्या भावांचे बोलणे तुटले.

मोबदला घेणे म्हणजे लोभ, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. जमीन गेली तर तिचे दाम मिळायलाच हवे. दाखल्यातल्या शेतकऱ्यालाही भरघोस पिकाबद्दल दोष दिलेला नाही. मग त्याचे चुकले कुठे? तो बोलतो ते फक्त स्वतःशी. पीक माझे, कोठार माझे, पुढची वर्षेही माझीच! एवढे पीक त्याने एकट्याने थोडेच कापले असेल? पण कापणारा एकही मजूर त्याच्या बोलण्यात येत नाही.

20 ऑगस्ट 2021 रोजी बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीडजवळ, तढेगाव शिवारात, याच महामार्गाच्या कामावरील मजुरांना नेणारी गाडी उलटली. गाडीत लोखंडी सळया होत्या आणि त्याच गाडीत माणसे बसवली होती. 13 मजूर मरण पावले. लोखंड वजन करून घेतले जाते, त्याची पावती असते. माणसे मात्र मालाबरोबर, जागा असेल तिथे.

मजूर हा विकत घ्यायचा माल नव्हे, हे पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकातून जगाला बजावले होते. आपण ते वाचतो, मान डोलावतो आणि घरी निंदणीला आलेल्या बाईशी चार रुपयांवरून घासाघीस करतो.

डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला, जून 2025 मध्ये पूर्ण 701 किलोमीटरचा. सोय झाली, हे खरेच. आजारी माणूस लवकर दवाखान्यात पोहोचतो. आपणही त्यावरून जातो आणि किती तास वाचले ते एकमेकांना सांगतो.

मृतांसाठी मिस्सा अर्पण करताना आपण प्रत्येकाचे नाव घेतो. त्या तेरा जणांसाठी मिस्सा सांगायची तर आम्हाला त्यांतले एकही नाव ठाऊक नाही.