ओळख आधीची हवी

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो, आणि १९७० व १९८४च्या दंगलीही. पण डिसेंबर १९९२मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा हे गाव शांत राहिलं. कसं?

१९८८मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. एकाच वस्तीतले हिंदू, मुसलमान आणि त्या भागाचा पोलीस शिपाई एकत्र बसू लागले. कुरबुरी जागच्या जागी मिटू लागल्या. माणसं एकमेकांना नावानिशी ओळखू लागली. अफवा उठली, तर पलीकडच्या गल्लीतल्या ओळखीच्या माणसालाच खरं-खोटं विचारता येऊ लागलं.

संशयाला पुरावा लागत नाही. ओळख नसली की तो आपोआप वाढतो. विश्वासाला मात्र रोजचा राबता लागतो. दंगल भडकल्यावर शांतता समिती बोलावणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

आज मोबाइलवर शेजाऱ्याच्या धर्माविषयी भडकवणारा निरोप आला, तर तो पुढे पाठवू नका. आधी त्या शेजाऱ्याशी बोला. ईदला, दिवाळीला एकमेकांकडे जाऊच; पण एरवीही येणं-जाणं ठेवू या.