कावेरीचे फाटे

निघण्याआधी जरा थांबू. सायकल बाहेर भिंतीला टेकवून ठेवा आणि अनवाणी आत या. पोंगल होऊन आठवडा झाला आहे, ऊन अजून कोवळं आहे. तमिळनाडूत कावेरीकाठच्या तिरुविसनल्लूर गावी, शिवयोगिनाथ मंदिरात भिंतीवर एक जुनं घड्याळ आहे. ग्रॅनाइटचं अर्धवर्तुळ, त्यावर कोरलेल्या रेघा, मधोमध रोवलेली धातूची काडी. काडीची सावली ज्या रेघेवर पडेल, ती वेळ.

त्या सावलीकडे बघत राहा. ती सरकताना दिसत नाही. नजर दुसरीकडे नेऊन परत आणली, की मात्र सरकलेली असते. आज आपल्याला याच चालीनं जायचं आहे, कावेरीच्या काठाकाठानं, समुद्रापर्यंत. वाट 50-60 किलोमीटरची. एक श्वास सावकाश आत घ्या. तितक्याच सावकाश सोडा.

आता बाहेर या आणि पुढच्या चाकावर अंगठा दाबून बघा. कच्च्या वाटांसाठीच्या या ग्रॅव्हल सायकलचं टायर रुंद असतं, चाळीसेक मिलिमीटरचं, आणि त्यात हवा मुद्दाम थोडी कमी ठेवतात. टणक फुगवलेलं चाक खड्यावर आदळून उडतं. मऊ चाक खड्याला आपल्यात थोडी जागा देतं आणि त्याच्यावरून निघून जातं. अंगठ्याखालचं ते दबणं लक्षात ठेवा. खांदे तसेच सैल सोडा. कोपर किंचित वाकलेलं असू द्या. हँडल घट्ट आवळू नका. धरलं आहे इतकंच हातांना कळू द्या.

गल्लीतून सायकल हातानं ढकलत चला. दारापुढे कोलम, म्हणजे इथल्या रांगोळ्या, काढलेले आहेत. काही ठिकाणी ते अजून तांदळाच्या पिठाचे असतात. खाली वाका. पिठाच्या रेघेवर मुंग्यांची रांग लागली आहे. एकेक कण उचलून त्या चालल्या आहेत. सकाळी काढलेली नक्षी दुपारपर्यंत कुणाच्या तरी पोटात गेलेली असेल. काढणारीला ते ठाऊक असतं, आणि तरी उद्या ती पुन्हा काढते.

या गावाचं दुसरं नाव शहाजीराजपुरम. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचे पुत्र शहाजीराजे 1684 ते 1712 या काळात तंजावरच्या गादीवर होते. त्यांनी 1693 मध्ये हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना देऊन टाकलं. पुण्या-साताऱ्याहून इतक्या दूर एक मराठी राजा कावेरीकाठची जमीन अभ्यास करणाऱ्यांना वाटून देतो आणि गाव त्याचं नाव घेतं. आपल्यासाठी ही वाट परकी नाही.

याच गावात श्रीधर वेंकटेश अय्यावाळ राहत. त्यांच्या घराशी थांबा. कथा अशी सांगतात. वडिलांच्या श्राद्धाचा दिवस होता, स्वयंपाक तयार होता. ज्याला त्या काळी उंबरठ्याजवळही येऊ देत नसत असा एक भुकेला माणूस मागल्या दारी आला. अय्यावाळांनी श्राद्धाचं अन्न त्याला वाढलं. गावचे ब्राह्मण रागावले. म्हणाले, काशीला जाऊन गंगेत स्नान केल्याशिवाय शुद्धी नाही. अय्यावाळ कुठेही गेले नाहीत. त्यांनी गंगेची स्तुती केली, आणि घरच्या विहिरीतून गंगा उसळून गल्लीभर वाहू लागली. आजही तमिळ कार्तिकै महिन्याच्या अमावास्येला त्या विहिरीच्या पाण्यानं स्नान करायला माणसं रांगा लावतात.

डोळे मिटा आणि कथेचा क्रम एकदा मनात लावा. आधी ताट दिलं गेलं, पाणी मागाहून आलं. आपण उलट क्रमाचे. आधी भरावं, मग वाटू, असं म्हणत राहतो. तुमच्या घरी कोणतं ताट असं झाकून ठेवलेलं आहे? उत्तर लगेच शोधू नका. प्रश्न सोबत घ्या आणि सायकलवर बसा.

आता बांधावरची कच्ची वाट. डाव्या-उजव्या हाताला नारळ, केळी, बांबूची बेटं. चाकाखाली बारीक खडी करकरते. माती लागली की आवाज मऊ होतो, वाळू लागली की जवळजवळ थांबतो. काही वेळ फक्त हा आवाज ऐका. विचार येतील. येऊ द्या, चाकाखाली खडा येतो तसे. थोडी जागा द्या आणि पुढे चला.

पूल ओलांडून दक्षिणेला गेलं की गोविंदपुरम. बोधेंद्र स्वामींची समाधी इथली. अय्यावाळ, बोधेंद्र आणि मरुदानल्लूरचे सद्गुरू स्वामी ही दक्षिणेतल्या भजनपरंपरेची त्रिमूर्ती. आणि इथेच भाताच्या शेतांतून एक उंच शिखर दिसतं, आपल्याकडच्या देवळांच्या घडणीचं. ते विठ्ठल-रखुमाईचं मंदिर आहे. तमिळ गळ्यातून अभंग ऐकू आला तर थबकून ऐका. नेहमीचे शब्द वेगळ्या जिभेवरून आले, की पहिल्यांदा ऐकल्यासारखे कानांवर पडतात.

पुन्हा नदीकाठी या. आता नदीकडेच बघत चला.

कावेरी कोडगूत तळकावेरीला उगम पावते आणि सुमारे 800 किलोमीटर वाहते. श्रीरंगमच्या अलीकडे मुक्कोंबूला तिच्यातून कोळ्ळिडम फुटते. पुढे करिकाल चोळाच्या नावानं ओळखला जाणारा कल्लणै बंधारा. तिथे वेण्णार वेगळी होते. मग कुडमुरुट्टी, अरसलार, वीरसोळन. प्रत्येक प्रवाहाला पुढे कालवे, कालव्यांना पाट, पाटांना वाफे. 1934 मध्ये मेट्टूर धरण झालं. तेव्हापासून पाणी पुरेसं असेल त्या वर्षी कुरुवै भातासाठी 12 जूनला त्याचे दरवाजे उघडायची रीत आहे, आणि पाणी कधी पोचतं याकडे इथली गावं डोळे लावून असतात.

म्हणून ही नदी समुद्राकडे जाताना रुंदावत नाही. अरुंद होत जाते. तुम्ही पायडल मारत पुढे जाता तसा समोरचा काठ जवळ येतो. कुत्तालम, मग मयिलाडुदुरै. प्रत्येक मुक्कामाला थांबून बघा, ती अंगानं थोडी कमी झालेली असते.

आपल्या भाषेत फाटे फोडणं हा दोष आहे. मुद्द्याला फाटे फोडू नका, असं आपण मुलांना सांगतो. एकच धार, एकच लक्ष्य, वाटेत काही सांडायचं नाही, अशी आपली यशाची कल्पना. इथे मात्र जिथे फाटा फुटला तिथे भात उगवलं. नदी जितकी विभागली गेली, तितका हा प्रदेश हिरवा झाला. तुमच्या आयुष्यात कामाला फुटलेले फाटे आठवा. आजारी माणसाच्या उशाशी गेलेली वर्षं. भावंडाच्या शिक्षणाला गेलेला पगार. ज्याला तुम्ही आजवर अडकून पडणं म्हणत आलात, ते सारं. एकेकाचं नाव मनात घ्या आणि विचारा: तिथे काय उगवलं?

पुढे डांबरी रस्त्यावर कापणीचं भात वाळत घातलेलं आहे. अर्धा रस्ता सोनेरी. एक बाई अनवाणी पावलं घासत दाण्यांतून चालते आहे. तिच्या पावलांमागे नांगरटीसारख्या रेघा उमटतात आणि खालचे ओले दाणे वर येतात. इथे उतरा. सायकल उचलून कडेनं चला. कावेरीचं जे पाणी पुढे समुद्रात दिसणार नाही, ते इथे पसरलेलं आहे.

शेवटी पूंपुहार. जुनं कावेरिपूंपट्टिनम, चोळांचं बंदर, शिलप्पदिकारम या तमिळ महाकाव्याची कथा जिथे सुरू होते ते नगर. त्या नगराचा बराचसा भाग समुद्रानं घेतला. इथून किनाऱ्यानं दक्षिणेला गेलं की तरंगंबाडी. तंजावरच्या रघुनाथ नायकांनी 1620 मध्ये डेन्मार्कच्या लोकांना तिथे जागा दिली, त्यांनी डान्सबोर्ग किल्ला बांधला आणि 1845 मध्ये सारं इंग्रजांना विकून ते निघून गेले. किल्ल्याशेजारचं 1306 सालचं मासिलामणिनाथर मंदिर लाटांनी खात आणलं. 26 डिसेंबर 2004 ला याच किनाऱ्यानं त्सुनामीत आपली माणसं गमावली. त्यांच्यासाठी एक श्वासभर स्तब्ध उभे राहा.

मग पूंपुहारलाच, नदीच्या मुखाशी या. तळकावेरीपासून निघालेली, राज्यांनी जिच्यासाठी भांडणं केली ती नदी इथे एखाद्या ओढ्याएवढी आहे. वाळूतून हळू वाहत ती समुद्राला मिळते. पहिल्यांदा बघताना वाईट वाटतं. वाटू द्या. मग मागे वळून, आलात त्या वाटेकडे बघा.

सायकल वाळूत आडवी ठेवा. ओंजळीत ते उरलेलं पाणी घ्या. सकाळी झाकलेल्या ताटाचा प्रश्न सोबत घेतला होता, तो आता आठवा. ओंजळ सावकाश उघडा. पाणी बोटांच्या फटींतून, फाट्याफाट्यांनी, खाली जाईल.

श्वास सोडा.